तासिका तत्त्वावरील मेंदू

खगोलशास्त्र शिकवणाऱ्याला रात्री गच्चीवर जावं लागतं, भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्याला खाणीत उतरावं लागतं आणि वनस्पतिशास्त्राच्या सरांना पोरं घेऊन निदान नागपूरच्या महाराजबागेपर्यंत तरी पायपीट करावी लागते. माणसाचं मन आणि मेंदू कसे चालतात हे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाचं मात्र बरं आहे. त्याला प्रयोगशाळा शोधायला कुठेच जावं लागत नाही, कारण अवधान, स्मृती, निर्णय, प्रतीक्षा आणि विस्मरण ही अभ्यासक्रमातली झाडून सगळी प्रकरणं त्याच्या नियुक्तिपत्रातच असतात. ते नियुक्तिपत्र पुष्कळदा काम सुरू झाल्यावर बऱ्याच दिवसांनी हातात पडतं, ही गोष्ट वेगळी. क्लॉक अवर बेसिस, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली सीएचबी, हिला आपण नोकरीची पद्धत समजतो आणि मग ती इतकी तऱ्हेवाईक का म्हणून डोकं खाजवत बसतो. तिच्याकडे माणसाच्या मेंदूवरचा एक दीर्घ प्रयोग म्हणून पाहिलं की सगळं जागच्या जागी बसतं. माझं म्हणणं इतकंच की हा प्रयोग केव्हाच पूर्ण झाला आहे, निष्कर्षही हाती आहेत, फक्त तो थांबवायचं कोणाच्या लक्षात राहिलेलं नाही. प्रयोगासाठी नागपूरइतकं योग्य शहरही दुसरं सापडायचं नाही. इथे झिरो माइलचा दगड आहे आणि त्याच्याजवळ चार घोडे वर्षानुवर्षं धावण्याच्या पवित्र्यात उभे आहेत. चौघांचेही पाय उचललेले, माना ताठ, आणि प्रगती शून्य मैल. दर जुलैत नव्याने शून्यापासून मोजल्या जाणाऱ्या सेवेचं याहून नेमकं शिल्प महाराष्ट्रात नाही.

आधी विषयाची ओळख करून द्यायला हवी, कारण तीही तात्पुरतीच आहे. कॉग्निटिव्ह सायन्सला मराठीत कोणी बोधनविज्ञान म्हणतं, कोणी संज्ञानविज्ञान. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘बोधनिक’ हा शब्द दिसतो आणि पोरं ‘कॉग्निटिव्ह’ म्हणून मोकळी होतात. नावाचा घोळ असला तरी जन्मतारीख पक्की आहे. ११ सप्टेंबर १९५६ रोजी अमेरिकेत एमआयटीमध्ये भरलेल्या परिसंवादाचा दुसरा दिवस हाच या शास्त्राचा जन्मदिवस, असं मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी पुढे सांगून ठेवलं. म्हणजे जन्माचा दाखला आहे. अडचण आहे ती रहिवासी दाखल्याची. १९७८ साली स्लोन फाउंडेशनसाठी तयार झालेल्या अहवालात या शास्त्राचा षट्कोन काढला होता: तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, भाषाशास्त्र, संगणकशास्त्र, मानववंशशास्त्र आणि मेंदूविज्ञान. तिकडे षट्कोन काढला की निधी मिळतो. इकडे षट्कोन काढला की सहा विभागप्रमुख मिळतात आणि सहाही जण ‘हे आमच्या वर्कलोडमध्ये बसत नाही’ असं एका सुरात सांगतात. अलाहाबाद विद्यापीठासारख्या काही ठिकाणी या विषयाला स्वतःचं केंद्र आहे. एरवी आपल्याकडे तो मानसशास्त्राच्या एम.ए.तल्या एखाद्या पेपरात पाहुण्यासारखा मुक्कामाला असतो. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाने शंभरी ओलांडली, पण शंभर वर्षांच्या विद्यापीठांनाही एका पेपरासाठी एक अख्खा माणूस नेमणं परवडत नाही. एक पेपर म्हणजे काही पूर्ण जागा होत नाही. पूर्ण जागा नाही म्हणजे तासिका, आणि तासिका म्हणजे जो विषय पाहुणा त्याचा मास्तरही पाहुणा.

प्रयोगाची आखणी किती काटेकोर आहे ते आता पाहू. माणसाच्या तात्पुरत्या स्मृतीत एका वेळी सात, अधिक-उणे दोन, इतक्याच गोष्टी मावतात, असं याच मिलर यांनी १९५६ सालच्या गाजलेल्या निबंधात मांडलं. अधिक-उणे दोन म्हणजे जास्तीत जास्त नऊ. सीएचबीवाल्याच्या वाट्याला आठवड्याला येणाऱ्या तासिकांचा आकडाही साधारण नऊच. मंत्रालयात कोणी मिलर वाचला असेल असं वाटत नाही, तेव्हा हा योगायोग मानायचा की दैवी संकेत ते ज्याचं त्याने ठरवावं. धास्ती पुढच्या संशोधनाची आहे. २००१ साली नेल्सन काउन यांनी तो आकडा खाली आणून चारच्या आसपास बसवला. विदर्भात ‘काऊन?’ हा प्रश्न आहे आणि त्याला सहसा उत्तर नसतं. पण वित्त विभागाला हे काउन सापडले तर नवाच्या चार तासिका व्हायला वेळ लागायचा नाही, आणि तेव्हा ‘काऊन जी?’ म्हणायचीही सोय राहणार नाही. काळाच्या जाणिवेचं प्रकरण तर याहून सुरस आहे. घड्याळी तास साठ मिनिटांचा आणि बहुतेक महाविद्यालयांतली तासिका अठ्ठेचाळीस मिनिटांची. पाच तासिका घेतल्या की चार तास भरतात. शेवटच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला हीच अठ्ठेचाळीस मिनिटं दोन तासांची वाटतात, हिशेब लिहिणाऱ्याला ती तासाहून कमी वाटतात आणि शिकवणाऱ्याला ती तयारीच्या तीन तासांसकट दिसतात. काळाचा अनुभव पाहणाऱ्यागणिक बदलतो, हे शिकवायला वेगळं उपकरण कशाला हवं? हजेरीपुस्तक पुरतं.

आता अवधानाकडे वळू. एका कामावरून दुसऱ्या कामावर उडी मारताना मेंदूला किंमत मोजावी लागते, आणि आधी तयारीला वेळ दिला तरी ती पुरती माफ होत नाही, हे रॉजर्स आणि मॉन्सेल यांनी १९९५ साली दाखवलं. त्यांच्या प्रयोगातल्या उड्या अक्षरावरून अंकावर होत्या. आपल्या प्राध्यापकाची उडी सकाळी कामठीवरून दुपारी हिंगण्याला असते, मध्ये सीताबर्डीचा सिग्नल असतो आणि विषय स्मृतीवरून थेट समाजमानसशास्त्रावर गेलेला असतो, कारण ‘नाही तरी तुम्ही मानसशास्त्राचेच ना सर?’ यावर एक आशावादी आक्षेप नेहमी येतो: या धावपळीतच अनुभव मिळतो, मेंदू तयार होतो. पुराव्याला लंडनचे टॅक्सीवाले हजर केले जातात. शहरातले हजारो रस्ते पाठ करणाऱ्या या चालकांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो, असं एलिनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं, ते खरंच आहे. पण त्याच संशोधनाची २०११ सालची पुढची पायरी या आशावाद्यांनी वाचलेली नसते. तीत परवान्याची तयारी करणाऱ्या उमेदवारांच्या मेंदूची आधी आणि काही वर्षांनी अशी दोनदा तपासणी केली होती. वाढ आढळली ती परवाना मिळवलेल्यांत; नापास झालेल्यांत तशी वाढ दिसली नाही. लंडनच्या उमेदवाराला निदान एकच शहर पाठ करायचं असतं आणि पाठ झालं की परवाना मिळतो. आपल्या प्राध्यापकाकडे नेट, सेट आणि पीएच.डी. असे तीन-तीन परवाने असतात. फक्त टॅक्सी दिलेली नसते.

पैशांच्या प्रकरणात हे शास्त्र स्वतःच्याच इतिहासात अडखळतं. उंदीर-कबुतरांच्या वर्तनावरून माणूस समजून घेण्याच्या हट्टाविरुद्ध बंड करून ते जन्माला आलं. नोम चॉम्स्की यांनी १९५९ साली वर्तनवादी स्किनरच्या पुस्तकाचं जे परीक्षण लिहिलं ते या बंडाचं प्रसिद्ध हत्यार. पहिल्या तासाला प्राध्यापक हे बंड मोठ्या आवेशात शिकवतो आणि तास संपल्यावर खात्यात मानधन जमा झालं का ते मोबाइलवर पाहतो. स्किनरच्या कबुतराला दाणा नियमित मिळत असला आणि एक दिवस बंद झाला, तर ते लवकर टोचणं सोडतं. तो कधी मिळेल याचा नेम नसला तर मात्र ते बिचारं टोचतच राहतं. मानधनाची बिलं प्राचार्य, सहसंचालक कार्यालय आणि कोषागार अशी तीर्थयात्रा करून कधी तीन महिन्यांनी, कधी सहा महिन्यांनी येतात, यामागचं शास्त्र एवढंच आहे. अपुरी राहिलेली कामं पुऱ्या झालेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात, असं ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ साली मांडलं. बिल चुकतं झालं की वेटर ऑर्डर विसरतो, ही त्यामागची प्रसिद्ध आख्यायिका. पुढच्या सगळ्या प्रयोगांनी या निष्कर्षाला साथ दिली नाही असं म्हणतात. त्यांनी नमुना चुकीचा निवडला असणार. दराचं म्हणाल तर यूजीसीने २०१९ च्या जानेवारीत अतिथी प्राध्यापकासाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये अशी मर्यादा ठरवली. राज्याचा तासिकेचा दर त्याच्याही खालीच राहिला. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. म्हणजे एकाचं आभाळ जिथे संपतं, त्याच्याही वर दुसऱ्याची जमीन सुरू होते. आणि टंचाईने डोकं तल्लख होतं म्हणावं, तर २०१३ साली तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला आहे. तेच शेतकरी ऊस तुटण्यापूर्वी, हात तंग असताना, बौद्धिक चाचण्यांत कमी पडले आणि पैसा हातात आल्यावर सुधारले. विदर्भात ऊस कुठे पिकतो, असा यावर कोणी आक्षेप घेतला तर तो मान्य. तंगी मात्र इथेही पिकते.

प्रतीक्षेचं प्रकरण मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण या प्रयोगातला खरा शोध तिथे आहे. लहान मुलासमोर एक मिठाई ठेवायची आणि सांगायचं, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन देईन. वॉल्टर मिशेल यांचा हा प्रयोग सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी मार्शमेलो ठेवले. इथे संत्रा बर्फी धरावी, म्हणजे मोहाची तीव्रता कळेल. यातून ‘जो थांबतो तो जिंकतो’ असा बोध काढून आपण कित्येक पिढ्यांना थांबवून ठेवलं आहे. पण रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी या प्रयोगाला एक सुरेख जोड दिली. त्यांनी अठ्ठावीस मुलांचे दोन गट केले. एका गटाला आधी चित्रकलेचं चांगलं सामान आणून देतो म्हणून सांगितलं आणि खरोखर दिलं. दुसऱ्या गटालाही तसंच सांगितलं, पण नंतर ‘अरे, ते संपलंय’ म्हणून हात झटकले. मग मिठाई समोर ठेवली. शब्द पाळणाऱ्या माणसासाठी मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, शब्द मोडणाऱ्यासाठी तीन मिनिटं. तीन ते पाच वर्षांच्या पोरांना कळतं की थांबणं हा स्वभावाचा गुण जितका, तितकाच समोरच्याच्या शब्दाचा हिशेब आहे. आता आपल्या प्राध्यापकाकडे पाहा. ‘पुढच्या वर्षी भरती निघतेय’ हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलेलं असतं की पाच वर्षांच्या मुलानेही एव्हाना बर्फी उचलून खाल्ली असती. हा मात्र दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं थांबतो. एक तर किड यांचा निष्कर्ष चुकीचा असला पाहिजे, नाही तर समोरच्या बशीत बर्फी कधी नव्हतीच. मला दुसरी शक्यता अधिक सयुक्तिक वाटते.

इथे या प्रांताचा खास असा एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. काटोल-नरखेडकडचा कोणीही बागायतदार सांगेल की ताण दिल्याशिवाय संत्र्याला बहर येत नाही. झाडाचं पाणी तोडायचं, पानं कोमेजू द्यायची, मग पाणी सोडलं की झाड फुलतं. मृग बहरासाठी हा ताण ऐन मे महिन्यात असतो, आणि योगायोग पाहा, सीएचबीवाल्याचंही पाणी त्याच सुमाराला तुटलेलं असतं. तासिका नाहीत म्हणून मानधन नाही आणि बाहेर नागपूरचा मे. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. तेव्हा हा ताण म्हणजे शासनाची बागायतीच समजावी, जुलैत विद्वत्तेला बहर येईल, असं कोणी म्हणू शकेल. उपमा सुंदर आहे. पण बागायतदाराची अर्धीच गोष्ट तीत आली आहे. जमीन हलकी की भारी हे पाहून तो ताणाचे दिवस ठरवतो. पानगळ किती झाली यावर रोज नजर ठेवतो, कारण ताण जास्त झाला तर झाडाला सल पडते हे त्याला ठाऊक असतं. ताण तोडल्यावर तो खत घालतो, पाणी देतो. आणि मुख्य म्हणजे दर जुलैत तो जुनी झाडं उपटून ‘यंदा नव्याने अर्ज करा’ असं सांगत नाही. संत्र्याचं झाड उत्पन्नावर यायलाच काही वर्षं घेतं, शिक्षकही घेतो. अकरा महिन्यांच्या बागेतून संत्री तोडल्याचं अजून कोणी ऐकलेलं नाही.

दुसरा आक्षेप रोखठोक आहे: इतकं वाईट आहे तर सोडून का जात नाही? यावरही शास्त्र तयार आहे. आर्क्स आणि ब्लूमर यांनी १९८५ साली नाटकांच्या हंगामी तिकिटांवर प्रयोग केला. काहींना तिकिटं पूर्ण किमतीत विकली, काहींना सवलतीत. पूर्ण पैसे मोजलेल्यांनी हंगामाच्या पहिल्या निम्म्या काळात जास्त नाटकांना हजेरी लावली. बुडीत खर्चाचा मोह तो हाच. तीन परवान्यांवर तारुण्य घातलेल्या माणसाने पूर्ण दराचं तिकीट काढलेलं असतं. पडदा उघडत नसला तरी तो खुर्ची सोडत नाही. पण आक्षेप घेणारा एक गोष्ट विसरतो. एकाने खुर्ची सोडली म्हणून खुर्चीची जात बदलत नाही. त्याच तासिकांवर दुसरा येऊन बसतो. म्हणून हा प्रश्न एका माणसाच्या हट्टाचा नाही, रचनेचा आहे, आणि रचनेचे प्रश्न नागपुरात डिसेंबरमध्ये सुटायचे असतात. हिवाळी अधिवेशन भरतं, यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, अडवले जातात, शिष्टमंडळ आत जातं, आश्वासन घेऊन बाहेर येतं. एबिंगहाउस यांनी १८८५ साली विस्मरणाचा आलेख काढला. पाठ केलेल्या निरर्थक अक्षरांपैकी सुमारे दोन-तृतीयांश एका दिवसात पुसट झाल्याचं त्यांना आढळलं. आश्वासनं निरर्थक अक्षरांत मोडतात का, यावर मतभेद असू शकतात. पण अधिवेशनाचं सूप वाजून मंडळी मुंबईला परतायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत अडचणीचा: पूर्णवेळवाले तरी असे काय दिवे लावतात? आणि विद्यार्थ्यांना कुठे फरक कळतो? पहिल्या भागात तथ्य आहे, आणि ते नाकारणारा माणूस कधी महाविद्यालयात गेलेला नसावा. पण कायम शिक्षक कामचुकार असेल तर उपाय त्याच्या कामाच्या तपासणीत आहे. न चुकणाऱ्याचे तास मोजून तो कसा साधणार? उद्या विहिरीचं पाणी गढूळ निघालं म्हणून आपण गाव टँकरवर ठेवत नाही. दुसऱ्या भागाचं उत्तर सायमन्स आणि शाब्री यांनी १९९९ साली देऊन ठेवलं आहे. बास्केटबॉलचे पास मोजायला सांगितलेल्या प्रेक्षकांपैकी जवळजवळ निम्म्यांना पडद्यावरून छाती बडवत गेलेला गोरिला दिसलाच नाही. नॅकच्या फायली, प्रवेशाचे आकडे आणि निकालाची टक्केवारी मोजणाऱ्या महाविद्यालयातही असंच होतं. वर्गावर जाणारा, पेपर तपासणारा, परीक्षेत पर्यवेक्षण करणारा माणूस स्टाफरूममधून रोज चालत जातो आणि स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेत त्याचं नाव नसतं. विद्यार्थ्याला फरक कळतो, पण उशिरा. शोधप्रबंधासाठी मार्गदर्शक हवा म्हणून तो दोन वर्षांनी परत येतो तेव्हा ते सर आता कुठे असतात, हे सांगणारं विभागात कोणी उरलेलं नसतं. गोरिला न दिसणं एक वेळ समजू शकतं. तो नव्हताच, असं मस्टरवर लिहिणं जरा जास्त होतं.

राहता राहिला प्रयोगाच्या नीतीचा मुद्दा, तोही अभ्यासक्रमात आहे. माणसांवर प्रयोग करायचा तर त्यांना आधी माहिती देऊन संमती घ्यावी लागते, प्रयोग किती काळ चालेल ते सांगावं लागतं, आणि संपल्यावर त्यांना समोर बसवून सगळं खरंखरं सांगून मोकळं करावं लागतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने दहा जणांची शब्दस्मृती तपासली तरी त्याला हे नियम लागू होतात. राज्यभर वर्षानुवर्षं चाललेल्या प्रयोगाला एवढं तरी लागू व्हावं. मागणी फार मोठी नाही. मंजूर आणि रिकाम्या जागा भराव्यात. जिथे एका पेपराचीच गरज आहे तिथे दोन-तीन विभागांनी मिळून एक माणूस नेमावा. षट्कोनाचा उपयोग नाही तरी कशासाठी आहे? भरती होईपर्यंत नियुक्ती वर्षाची असावी, मानधन महिन्याच्या महिन्याला मिळावं आणि केलेली वर्षं मोजली जावीत. यातलं काहीच करायचं नसेल तर निदान बशीत बर्फी नाही एवढं स्पष्ट सांगावं. मुलंसुद्धा मग तीन मिनिटांत आपापल्या वाटेने जातात. तोवर नव्या सत्रासाठी जाहिरात नेहमीसारखीच असेल: पात्र उमेदवारांनी मूळ कागदपत्रे व साक्षांकित प्रतींसह मुलाखतीस स्वखर्चाने उपस्थित राहावे.